बकरीच्या पट्टीवरच्या चिंध्या

"माझी चिंधी निळी होती," सबीन म्हणाली. "निळी. निळा रंग ओळखता येतो ना तुला?"

"त्या जानेवारीत वर एकही निळी चिंधी नव्हती!" रेजीसने हातातला द्राक्षांचा घड टेबलावर आपटला. दोन मणी सुटून टोमॅटोच्या ताटलीत जाऊन पडले. "सगळ्या पांढऱ्या होत्या. आता त्यातली तुझी कुठली आणि माझ्या आईची कुठली, हे मी वासावरून ओळखायचं होतं का?"

"विचारायचं होतंस."

"कुणाला?"

"मला. मी याच घरात राहते, रेजीस."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रेजीसचे वडील जोआनेस पावावर बकरीच्या दुधाचं चीज लावत बसले होते. नव्वदीकडे झुकलेले, डोळे अधू, कान मात्र मांजरासारखे. घरात सगळे त्यांना पेपे म्हणत. नात कापुसीन लहानपणी आजोबांना तशी हाक मारायची, तीच सगळ्यांच्या तोंडी बसली होती. त्यांनी चाचपडत ताटलीतला एक मणी उचलला, चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट आहे अजून," ते म्हणाले. "पण वियोनिए जातीचाच. पांढरा."

"तेच तर ओरडून सांगतोय मी! पांढरा! लाल द्राक्षांच्या पट्टीत पांढरा!"

ऑगस्ट अर्धा संपला होता. आंप्वी गावाच्या उतारावर सगळीकडे मण्यांत पाणी उतरून रंग भरला होता. खालच्या जुन्या पट्ट्या काळ्या-जांभळ्या दिसत होत्या. फक्त सगळ्यात वरच्या, बकरीच्या पट्टीवर, मधले मधले वेल हिरवेच राहिले होते आणि आता पिवळे पडायला लागले होते. त्या पट्टीला यंदा पहिलाच बहर. आणि ती पट्टी अशा जागी होती की रस्त्यावरून दिसे, आगगाडीतून दिसे, ऱ्होन नदीच्या पलीकडूनही दिसे.

"सकाळी कॅफेत मार्नास मला काय म्हणाला माहितीये?" रेजीस म्हणाला. "म्हणाला, रेजीस, तुझ्या बकरीच्या पट्टीला कावीळ झाली का रे? सगळे हसले. कॉफी देणारी पोरगीसुद्धा हसली."

"हं. म्हणजे राग त्याचा आहे."

"राग कशाचाही असो! तू दर आठवड्याला वर असतेस. फुटवे तू काढतेस, काड्या तू बांधतेस. तीन वसंत गेले. तुला पान बघून कळलं नाही?"

"पहिल्याच वसंतात कळलं. पान बारीक निघालं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. मे महिना होता, याच टेबलावर. मी म्हटलं, रेजीस, वरच्या पट्टीत पांढरे वेल निघालेत. तू म्हणालास, हं, चीज दे."

रेजीसने वडिलांकडे पाहिलं. पेपेंनी पाव खाली ठेवला.

"म्हणालास," ते म्हणाले. "वर ते चीज फार सुकलंय म्हणून तिलाच बोललास."

मग रेजीसने टोपी उचलली.

"शनिवारी वर जातो," तो म्हणाला. "पांढरे घड सगळे कापून खाली टाकतो, म्हणजे निदान लोकांच्या डोळ्यांवर येणार नाहीत. आणि नोव्हेंबरात ते वेल मुळासकट उपटायचे. विषय संपला."

दार आपटलं. सबीनने टोमॅटोतला उरलेला मणी काढून खिडकीबाहेर टाकला आणि पेपेंपुढे पाण्याचा पेला सरकवला. विषय संपला, हे वाक्य तिने या घरात इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यानंतरच खरा विषय सुरू होतो हे तिला पाठ झालं होतं.

सबीन नदीपलीकडची. तिचे वडील तिथल्या रसायनांच्या कारखान्यात पाळीने कामाला होते. घर चौथ्या मजल्यावर, आणि माती म्हणून जी काही होती ती गॅलरीतल्या कुंडीत. एका सप्टेंबरात ती मैत्रिणीबरोबर द्राक्षतोडणीला या उतारावर आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिला जिना उतरता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने रेजीस बोनार्देलला भरलेला क्रेट खांद्यावर टाकून त्या उभ्या कड्यावरून खाली येताना पाहिलं. घरातल्या घरात न्हाणीघरात निघाल्यासारखा, शीळ घालत. आई म्हणाली होती, "विचार कर. त्या उतारावरच्या बायकांचे गुडघे चाळिशीत जातात." सबीनने विचार केला नाही. गुडघे मात्र आईच्या म्हणण्याप्रमाणेच गेले.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूने, क्लोतिल्दने, तिला वर नेलं. क्लोतिल्द फार बोलणारी बाई नव्हती. तिने कंबरेला वेताच्या ओल्या काड्यांची जुडी बांधली, एक जुडी सुनेच्या कंबरेला बांधली आणि कामाला लागली. प्रत्येक वेलाला दोन काठ्या, वर शेंड्याशी एकत्र बांधलेल्या, म्हणजे वारा आला की वेल कड्यावरून खाली जात नाही. इथे ट्रॅक्टर चढत नाही, घोडासुद्धा सगळीकडे जात नाही. पट्ट्या इतक्या अरुंद की दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीने वेलाला मिठी मारावी लागते. हिवाळ्याच्या पावसाने माती वाहून खालच्या बांधाशी जमते; ती मार्चात पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर न्यायची. सबीनने पहिल्या वर्षी विचारलं होतं, "पुढच्या वर्षी पुन्हा खाली येणार ना ही?" क्लोतिल्द म्हणाली होती, "भांडी घासतेस ना रोज?"

चिंध्यांचं तिने असंच, न बोलता शिकवलं. या उताराची वाइन लाल. तिचं नाव जगभर. तिच्या बाटलीसाठी लोक वर्ष वर्ष वाट बघतात. पण जुन्या पट्ट्यांमध्ये लाल वेलांच्या अधेमधे थोडे पांढरे वेल असत, आधीपासूनच असत. पानं असताना ते ओळखू येतात. पानं गळली की सगळी लाकडं सारखीच. आणि छाटणी तर तेव्हाच करायची असते. पांढऱ्याची काडी लांब ठेवावी लागते, लालची आखूड. म्हणून पानगळीच्या आधी क्लोतिल्द जुन्या पांढऱ्या चादरी फाडून प्रत्येक पांढऱ्या वेलाच्या काठीला एक चिंधी बांधून ठेवायची. छाटणी या घरात बायका करत. पुरुषांकडे तळघर, हिशेब आणि गिऱ्हाइकं.

क्लोतिल्द गेली. चिंध्या दर वर्षी कुजत, फाटत, वाऱ्याने उडत, आणि दर वर्षी सबीन घरातल्या चादरी फाडून नव्या बांधत राहिली. रेजीस धरून चालला होता की आईच्या चिंध्या आईबरोबर गेल्या.

मग बकरीच्या पट्टीचं आलं. ही पट्टी पेपेंच्या वडिलांच्या वेळेपासून पडीक होती, काटेरी झुडपांनी भरलेली. तिथवर बकरीच चढेल म्हणून बकरीची पट्टी. एका हिवाळ्यात सबीनने कोयता घेऊन ती मोकळी करायला घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कापुसीन लियोंला दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली होती, घर रिकामं वाटत होतं, एवढं खरं. रेजीस म्हणाला, "हौस आहे तर कर. ती पट्टी तुझी." गमतीत म्हणाला होता. तिने ते गमतीत घेतलं नाही. दोन हिवाळे तिने मुळं खणली, गवंड्याच्या हाताखाली बांधाचे दगड उचलून दिले, माती पाठीवरून वर नेली.

नव्या वेलांसाठी काड्या आपल्याच जुन्या वेलांच्या घ्यायच्या असं ठरलं. जून महिन्यात, वेल फुलोऱ्यात असताना, सबीनने खालच्या पट्ट्यांमधले सगळ्यात निरोगी लाल वेल निवडले आणि रेजीसच्या कामाच्या जुन्या निळ्या डगल्याच्या चिंध्या करून त्यांना बांधल्या. जानेवारीत त्या वेलांच्या काड्या कापून नर्सरीला द्यायच्या, तिथे कलमं होणार. पण जानेवारीत तिच्या आईचं कंबरेचं हाड मोडलं आणि सबीन नदीपलीकडे दवाखान्यात अडकली. नर्सरीची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. तिने फोनवर सांगितलं, "चिंधी बांधलेल्या वेलांच्या काप." रेजीस गेला आणि कापून आला.

या उताराचं नाव कोत-रोती. रोती म्हणजे भाजलेला, आणि ते नाव कुणी उगाच ठेवलेलं नाही. इथे खिडकीचा पडदा एका उन्हाळ्यात पांढरा होतो. जूनची निळी चिंधी जानेवारीपर्यंत निळी कशी राहील?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपे हॅट घालून अंगणात उभे होते.

"मला वर ने," ते म्हणाले.

"कुठे वर?"

"स्वर्गात नाही. बकरीच्या पट्टीवर."

"पेपे, तुम्ही किती वर्षांत उतार चढला नाहीत."

"चढणार कोण म्हणतंय? क्रेटची गाडी आहे ना?"

क्रेटची गाडी म्हणजे एकाच रुळावर चालणारा, पेट्रोलच्या इंजिनाचा, पत्र्याचा लांबट खोका. तोडणीच्या वेळी घड खाली आणायला आणि एरवी काठ्या वर न्यायला. तिच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलं होतं की माणसांनी बसायला मनाई आहे.

"ते वाचता येत नाही मला," पेपे म्हणाले. "डोळे गेलेत."

सबीनने खोक्यात उशी टाकली, सासऱ्याला बसवलं, कंबरेभोवती दोर बांधला आणि स्वतः शेजारून पायऱ्या चढत इंजिनाचा दांडा धरून राहिली. गाडी माणसाच्या चालीने निघाली. पेपेंनी एका हाताने हॅट धरली होती आणि दुसऱ्या हाताने ते वाटेतल्या वेलांच्या पानांना हात लावत होते, ओळखीच्या माणसांच्या रांगेतून जावं तसे.

वर वारा होता. खाली नदी, रूळ, महामार्ग. पलीकडे कारखान्याची धुराडी आणि त्यांच्या मागे जर्दाळूच्या बागा. तिथे तिचं माहेर. सबीनने पेपेंना बांधावर बसवलं. त्यांनी शेजारच्या वेलाचं पान बोटांत चोळलं.

"हा लाल."

"हो."

"पलीकडचा दे." तिने पान तोडून हातात दिलं. "हा पांढरा. चांगला जोरात आहे की."

"जोरात आहेत म्हणून तर उपटवत नाहीत," सबीन म्हणाली.

पेपेंनी पान हुंगलं. मग म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळी लाल-पांढरं एकाच टोपलीत यायचं. हौदात तळाला पांढरं, वर लाल. सगळं एकत्रच आंबायचं. तुला वाटेल पांढऱ्याने रंग फिका होतो. उलट होतं. रंग पक्का बसतो. का, ते मला विचारू नकोस."

"मग खालचे पांढरे वेल गेले कुठे? दर वर्षी चिंध्या कमी लागतात मला."

"मेले. म्हातारं झालं की मरतात. एक मेला की रेजीस त्याच्या जागी लाल लावायचा. तेव्हा सगळ्यांना शाईसारखी काळी वाइन हवी होती. जो तो म्हणायचा, अजून काळी करा."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो की. एकदा. तेव्हा टीव्हीवर सायकलींची शर्यत चालू होती."

सबीनला हसू आलं. "म्हणजे या घरात काही सांगायचं तर शर्यत आणि चीज दोन्ही संपल्यावर."

"संपल्यावर तो झोपतो," पेपे म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बसली. गुडघे ठणकत होते. तिने हळूच विचारलं, "चांगली होईल का हो? असं एकत्र केलं तर?"

"मला काय माहीत, पोरी? नवे वेल आहेत. हौद बिघडूही शकतो. मी बिघडवलेले हौद या नदीत ओतलेत, लोकांना सांगितलं नाही एवढंच." त्यांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "पण जमलं, तर वास येईल. तुझ्या त्या पलीकडच्या जर्दाळूंचा. पिकलेल्या, उन्हात पडलेल्या. क्लोतिल्द हौदाशी उभी राहून डोळे मिटून घ्यायची."

सबीनने नदीपलीकडे पाहिलं. लहानपणी जुलैमध्ये कारखान्याचा वास बंद करायला आई खिडक्या लावून घ्यायची आणि टेबलावर जर्दाळू पसरून ठेवायची. घरभर तोच वास. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय त्यात?

दर जानेवारीत या घरात वाइनचं चाखणं होतं. तळघरातल्या लांब टेबलाशी रेजीस, पेपे, शेजारच्या मळ्याचा मार्नास आणि प्रयोगशाळेतला एक माणूस बसतात, पिंपांतून काढलेले नमुने फिरवतात, थुंकतात, आणि कुठलं पिंप कुठल्यात मिसळायचं ते ठरतं. सबीन पावात भाजलेलं गरम सॉसेज घेऊन खाली जाते आणि ताटं रिकामी होईपर्यंत मागे उभी राहते. एका वर्षी तिने शेजारचा पेला उचलून वास घेतला आणि म्हणाली होती, "हे पिंप मला पोकळ वाटतं, वासात जीव नाही." मार्नास म्हणाला होता, "पोकळ नाही हो, सॉसेजमध्ये मिरी जास्त झालीये." सगळे हसले. तीही हसली. वर येऊन तिने ताटं जरा जोरात घासली. ते पिंप खरंच पोकळ होतं की नाही, ते तिला आजही माहीत नव्हतं. कारण पुढे कुणी काही बोललंच नाही.

"चला," ती पेपेंना म्हणाली. "खाली जाताना घट्ट धरा. चढण्यापेक्षा उतरणं वाईट."

"ते मला या वयात सांगतेस?"

शनिवारी रेजीस कात्री घेऊन वर गेला. सबीन मागोमाग गेली.

पट्टीच्या तोंडाशीच पहिला पांढरा वेल होता. रेजीसने वाकून घड धरला, कापला, खाली टाकला. दुसरा कापला. तिसऱ्यासाठी काठी बाजूला करताना त्याचा हात चिंधीला लागला. त्याने ती बोटांत धरून पाहिली. हिरव्या आणि तपकिरी पट्ट्यांचं जाड सुती कापड, जरासं विटलेलं. तो पुढच्या पांढऱ्या वेलापाशी गेला. तिथेही तेच. त्याच्या पुढेही.

"हा माझा पायजमा आहे," तो म्हणाला.

"होता."

"मी दोन हिवाळे हा पायजमा शोधतोय! सगळं कपाट उपसलं मी. तू म्हणालीस, कापुसीन घेऊन गेली असेल."

"म्हणाले."

"मी तिला फोन केला! पोरीला विचारलं मी, की तुझ्या बापाचा पायजमा तू लियोंला कशाला नेलास म्हणून!"

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

सबीनने तोंड नदीकडे फिरवलं. "पांढरी चिंधी बांधली असती तर पुन्हा तोच घोळ. निळी टिकत नाही, ते कळलंच होतं. पट्टे टिकतात. म्हणून पट्टे."

रेजीस बांधावर बसला. तिथून सगळी पट्टी दिसत होती, आणि पट्टीभर, मधूनमधून, त्याचा पायजमा वाऱ्यावर हलत होता. प्रत्येक पांढरा वेल ओळखून, वेगळा करून, बांधून ठेवलेला. लपवलेलं काहीच नव्हतं. फक्त वर यायला हवं होतं.

"एका पायजम्यात एवढे झाले?" त्याने विचारलं.

"वरचा सदराही लागला."

त्याच्या गालाची एक बाजू हलली, पण त्याने ती आवरली. "चूक माझी झाली, असं ऐकायचंय तुला."

"नाही. ऐकून मी काय करू? घड कापू नकोस, एवढंच."

"आणि मग? काय करणार आहेस त्यांचं?"

हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. सबीनने उत्तर पाठ केलेलं नव्हतं, म्हणून ते तुटक निघालं. "हौदात घालीन. तळाला. वर लाल. तुझे आजोबा करायचे तसं. छोट्या हौदात, बाकीच्याला धक्का न लावता."

"बिघडलं तर?"

"तर माझं बिघडेल."

"बाटलीवर नाव बोनार्देल असतं, सबीन."

"आणि माझं नाव काय आहे?"

रेजीसने हातातली कात्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खालून आगगाडी गेली. तिच्या खिडक्यांतली माणसं वर बघत होती का, हे त्याने डोळे बारीक करून पाहिलं, आणि तेही सबीनने पाहिलं.

"मार्नास आयुष्यभर बोलेल," तो शेवटी म्हणाला.

"तो आत्ताही आयुष्यभर बोलतोच आहे."

रेजीसने कात्री खिशात घातली. "बघू," म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला. सबीनने खाली पडलेले दोन घड एप्रनमध्ये उचलून घेतले. कच्च्या द्राक्षांचा आंबट रस कोंबडीवर चांगला लागतो. टाकून कशाला द्यायचे?

रविवारी कापुसीन जेवायला आली. येताना बापासाठी दुकानाची पिशवी घेऊन आली. आत नवा पायजमा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. "हा लियोंला नेणार नाही, शपथ," ती म्हणाली. पेपे खोकला येईपर्यंत हसले. आई-मुलीची नजरानजर झाली, आणि रेजीसने ती पाहिली नाही असं दाखवलं.

जेवण नेहमीपेक्षा बरं चाललं होतं. द्राक्षाच्या आंबट रसातली कोंबडी, बटाटे, घेवडा. रेजीस कोंबडीचं कौतुक करून गेला, रस कशाचा ते न विचारता. मग पावाने ताटली पुसता पुसता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा म्हणाला, "काल संध्याकाळी मार्नास भेटला. त्याच्या पुतण्याकडे दोरखंडाचं यंत्र आहे, मुळं ओढून काढायला. नोव्हेंबरात रिकामा आहे. एका दिवसात पट्टी साफ करून देतो म्हणाला. यंदाचे घड राहू देत हवे तर, तुझ्या हौसेखातर. पण वेल काढलेले बरे. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं."

कापुसीनने काटा खाली ठेवला. पेपेंनी मान वर केली, आवाज कुठून येणार याची वाट बघत.

सबीन बटाट्याचं भांडं घेऊन उभी होती. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं, पण तो आला नाही. तिच्या डोळ्यांसमोर आला तो सिमेंटचा छोटा हौद: तळघराच्या कोपऱ्यातला, वर्षानुवर्षं न वापरलेला, अडगळीने भरलेला. तो घासायला ब्रश लागेल. शिडी लागेल. गुडघ्यांखाली घ्यायला उशी लागेल. म्हणजे कामच होतं, आणि कामाची तिला भीती नव्हती. हौद बिघडण्याची होती. ती राहिली तरी चालणार होतं.

तिने भांडं टेबलावर ठेवलं.

"मार्नासला नाही म्हणून सांग," ती म्हणाली. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसाच आवाज. "बकरीची पट्टी राहणार. यंदा नाही, नोव्हेंबरात नाही, तिथलं काही कापायचं नाही आणि काही उपटायचं नाही. लाल-पांढरं एकाच दिवशी तोडायचं. दिवस मी सांगेन."

"अगं, पण नियम—"

"पाचात एक पांढरं चालतं. खालच्या जुन्या वेलांचं लाल त्यात घातलं की नियमात बसतं. छोटा हौद मला हवाय. त्यात तुझा फवारणीचा पंप आहे आणि मोडक्या खुर्च्या आहेत, त्या गुरुवारपर्यंत काढ. पेपे, हौद आंबायला लागला की रोज सकाळी तुम्ही खाली येऊन वास घ्यायचा."

"गाडीतून?" पेपेंनी आशेने विचारलं.

"तळघराला चारच पायऱ्या आहेत. हात धरून नेईन." ती खुर्ची ओढून बसली आणि ताटात पहिल्यांदा स्वतःला वाढून घेतलं. "आणि जानेवारीत चाखायला मी टेबलाशी बसणार आहे. सॉसेज मार्नासने आणावं. मिरी त्याला हवी तेवढी घालू दे."

रेजीसने मुलीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि हात सवयीने टेबलाच्या मधोमध गेला, जिथे एरवी चीजची ताटली असते. तिथे काही नव्हतं.

"चीज जाळीच्या कपाटात आहे," सबीन म्हणाली. "ज्याला हवं त्याने उठून घ्यायचं. आजपासून."